तीन कंपन्या आणि एक दगड

"मॅडम, त्या गावात आमचं शंभर टक्के कव्हरेज आहे," असं ती मुलगी फोनवर म्हणाली, तेव्हा मी तिला विचारलं, "बाळा, तू कुठून बोलतेस?" तर म्हणे, ते सांगता येत नाही. म्हणजे स्वतः कुठे बसलीय ते हिला सांगता येत नाही, पण सातपुड्याच्या पायथ्याशी माझ्या थोरल्या बहिणीच्या ओट्यावर काय येतं नि काय येत नाही, ते हिला पक्कं ठाऊक! मी इतकी चिडले की हातातली वालाची शेंग दाण्यासकट केराच्या टोपलीत टाकली.

आमचे हे झोपाळ्यावर पेपर वाचत होते. म्हणाले, "तिच्यावर कशाला ओरडतेस? तिला लिहून दिलेलं असतं, ती वाचते."

हे मला सांगायची काही गरज नव्हती. लिहून दिलेलं वाचणारी बाई कशी असते ते मला चांगलं माहीत आहे, कारण तरुणपणी मी पाचोऱ्याला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तेविसाव्या वर्षी कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या, आणि नाकात असा काही आवाज की जणू दिल्लीचा कारभार माझ्या दोन बोटांवर चाललाय. लोक गयावया करायचे, "बाई, जरा धुळ्याला जोडा ना." मी शेंगदाणे सोलत म्हणायची, "लाईन खराब आहे." कधी खरंच खराब असायची. कधी शेंगदाणे संपायचे असायचे. तेव्हा त्या मुलीला शिव्या देताना मला मधूनच आपलाच जुना आवाज ऐकू येत होता, आणि त्यामुळे माझा राग कमी होण्याऐवजी वाढत होता.

पण राग कशासाठी, ते आधी सांगते.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शिरपूर तालुक्यात अगदी डोंगराला टेकलेलं तिचं सासर. मेहुणे गेले, मुलगा सुरतेला स्थायिक झाला, आणि तीन वर्षांपूर्वी तिच्या कानांनी काम पूर्णच सोडलं. मुलाने चांगलं मशीन आणून दिलं होतं. ते कानात शिट्ट्या मारतं म्हणून तिने ते बटणांच्या डब्यात टाकलं. पण ती ओठ वाचते. सगळ्यांचे नाही, गावातले निम्मे लोक तोंडात तंबाखू धरून बोलतात, ते तिला कसे कळणार? माझे मात्र अचूक वाचते. सत्तर वर्षं बघतेय माझं तोंड.

म्हणून तिला साधा फोन कुचकामी. तिला व्हिडिओ कॉलच लागतो, आणि त्यातही चेहरा नुसता दिसून भागत नाही, ओठ वेळेवर हलावे लागतात. नेट कमी पडलं की माझं तोंड अर्ध्यावर उघडं राहतं, मग चौकोन चौकोन होतात, आणि पलीकडून अक्का म्हणते, "काय वं, जांभई दी ऱ्हायनी का?"

भाच्याचंही तिच्याशी असंच बोलणं व्हायचं, म्हणजे व्हायचंच नाही. श्रावणात त्याने मला फोन केला. "मावशी, आता माझ्याने होत नाही. चार-चार दिवस तिचं तोंड दिसत नाही मला. पडली-झडली तर कोण सांगणार? रोज एकदा तिला डोळ्यांनी बघेन, दोन शब्द बोलेन, तर राहू दे तिला तिथे. नाहीतर मी येतो, घराला कुलूप लावतो आणि तिला घेऊन जातो."

वाईट बोलला नाही तो. पण अक्का एकदा आठ दिवस सुरतेला राहून आली होती, तिसऱ्या मजल्यावर. आल्यावर मला एवढंच म्हणाली, "तठे खाले उतरानं तर कोनले तरी इचारनं पडस." ज्या बाईने आयुष्यभर कुणाला न विचारता शेत, गोठा आणि सासरा सांभाळला, तिच्या तोंडचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तर सगळा प्रश्न असा होता: अक्का आपल्या घरात राहणार की नाही, हे तीन फोन कंपन्या ठरवणार होत्या.

मी तिन्ही कंपन्यांची सिमं घेतली. ज्या क्रमाने घेतली त्या क्रमाने त्यांची नावं ठेवली थोरली, मधली आणि धाकटी, कारण त्यांचं आपसात अगदी जावांसारखं चालतं. प्रत्येकीचं म्हणणं, मीच घर चालवते, बाकीच्या नुसत्या मिरवतात. तिघींच्या नकाशावर अक्काचं गाव रंगवलेलं. एकीने तर मागचा डोंगरही रंगवला होता. त्या डोंगरावर अस्वलं आहेत. त्यांना रेंज आणि माझ्या बहिणीला नाही!

पोळा झाल्यावर चौथ्या दिवशी मी तीन फोन पिशवीत घालून एस.टी.ने निघाले. चोपड्यापर्यंत तिन्ही सिमं सुरेख चालत होती. पुढे एकेक जाऊ रुसत गेली. गावात उतरले तेव्हा तिघी माहेरी निघून गेलेल्या.

तपासणीची पद्धत मी माझी काढली. त्याआधी तो वेग मोजायचा प्रकार करून पाहिला होता. त्यात एक काटा असतो, मोटरसायकलच्या मीटरला असतो तसा. थोरलीचा काटा अक्काच्या ओट्यावर भुर्रकन वर गेला. मी हरखून व्हिडिओ लावला, तर गोल गोल फिरत राहिलं, आमचे हे काही उगवले नाहीत. म्हणजे वेग दाखवायला होता, वापरायला नव्हता. काही घरांत काचेच्या कपाटात कपबशा असतात ना, पाहुण्यांनाही ज्यात चहा देत नाहीत, तसा.

मग मी ह्यांना कामाला लावलं. हे गणिताचे मास्तर होते. त्यांना म्हटलं, तुम्ही जळगावात झोपाळ्यावर बसा, मी व्हिडिओ लावला की अडीचकी म्हणायला लागा. अक्का माझ्याशेजारी बसून त्यांचे ओठ बघेल. जिथे तिला वाचता येणार नाही तिथे ती हात वर करेल. वेग-बिग नको. कुठली कंपनी कुठे उभं राहून अडीचकीत किती लांब जाते, तेवढं बघायचं.

आम्ही दोघी म्हाताऱ्या दोन दिवस गावभर फिरलो. माझ्या हातात फोन, अक्काच्या हातात बसायचा पाट, आणि फोनमध्ये माझा नवरा, "अडीच एके अडीच, अडीच दुणे पाच." बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. थोरली ओट्यावर "अडीच दुणे"च्या पुढे गेलीच नाही. धाकटी स्वयंपाकघराच्या खिडकीत "अडीच चोक दहा"पर्यंत जायची आणि लाइट गेली की संपली, कारण लाइटीबरोबर टॉवरही झोपतो. डोंगरात लाइट किती असते, ते नकाशा रंगवणाऱ्याला कुणी विचारायचं? मधली घरात मुळीच नाही. गोठ्यामागे नाही. देवळाच्या पायरीवर थोडी. गावाच्या खळ्याच्या टोकाला, निंबाखाली, गुडघ्याएवढा एक काळा दगड आहे, पूर्वी त्याला बैल बांधत. तिथे पोचलो आणि मधलीला काय झालं कोण जाणे. "अडीच दाहे पंचवीस"पर्यंत गडी न अडखळता गेला. अक्काचा हात वर झालाच नाही. ती म्हणाली, "तुना नवराले मिशी शे, ते आज कळनं माले."

जागा विसरू नये म्हणून आम्ही खुणा केल्या. आधी चुन्याच्या केल्या, त्या दुपारच्या सरीने धुऊन नेल्या. मग शेजारणीकडे पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेले रंग होते, ते मागून आणले. थोरलीला हिरवा ठिपका, धाकटीला निळा, मधलीला शेंदरी. हिरवे दोन, निळा एक. आणि दगडापाशी आल्यावर माझा आनंद आवरेना. ठिपक्यावर काय भागवायचं? डबा रिकामा होईपर्यंत मी तो दगड वरून खाली, चारी बाजूंनी शेंदरी करून टाकला. माझ्यासारख्या बाईने, जिचं सगळं आयुष्य खानदेशात गेलं, तिने निंबाखालचा दगड शेंदरी रंगवावा आणि पुढे काय होईल ते तिच्या डोक्यात येऊ नये! तरुणपणी मूर्ख होते असं मी सगळ्यांना सांगत असते. त्यात "तरुणपणी" हा शब्द उगीच घालते.

मधलीचा फोन अक्कापाशी ठेवून मी घरी आले, आणि पंधरा दिवस स्वर्ग. रोज चार वाजता अक्का पाट घेऊन खळ्यावर जायची, फोन दगडावर टेकवून समोर बसायची. आधी सुरतेचा मुलगा, मग मी. सुनेला नावं ठेवून झाली, भगरीचा भाव झाला, माझी नवी कवळी तिला लगेच दिसली: "दात नवा बसाडात का वं? घोडीना मायेक दिसतस." शेवटी हे पडद्यावर यायचे, आणि अक्का पदर सावरून, दोन्ही हात जोडून त्यांना रामराम करायची. भाचा मला म्हणाला, "मावशी, कमाल केलीस." मी म्हटलं, कमाल मधलीची. तेव्हा मी तिचं कौतुक करत होते, बघा.

सोळाव्या दिवशी अक्का दिसली नाही. सतराव्या दिवशी चौकोन दिसले. अठराव्या दिवशी नुसती घंटी. मी कंपनीला फोन लावला, आणि ती शंभर टक्केवाली मुलगी भेटली. तिने माझी तक्रार लिहून घेतली. तासाभरात मेसेज आला की तक्रारीचं निवारण झालेलं आहे. कसं झालं? कुणी केलं? कुठे गेला होता तुमचा माणूस, अस्वलांकडे? वर विचारतात, सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, एक ते पाच. शून्याची सोयच नाही!

तेवढ्यात भाच्याचा फोन. "मावशी, तीन दिवस झाले. मी शनिवारी जातोय गावी. तिला घेऊनच येतो." मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, "थांबलो की पंधरा दिवस."

गुरुवारी मी पहिल्या गाडीने निघाले. वाटभर कंपनीला काय काय सुनवायचं ते जुळवत होते. खळ्यावर पोचले आणि जागच्या जागी उभी राहिले. माझ्या दगडाला झेंडूची माळ होती. पुढे फोडलेला नारळ, उदबत्तीची राख. निंबाच्या फांदीला छोटा झेंडा. आणि पार लांब, गोठ्याच्या भिंतीला टेकून, मांडीवर फोन ठेवून अक्का बसलेली.

मी तिच्यासमोर बसले आणि ओठ मोठे मोठे हलवून विचारलं, "इथे का बसलीस? दगडापाशी का नाही?"

ती म्हणाली, "कशी बसू? तठे देव उना."

"कोण म्हणालं?"

"बठ्ठं गाव. माले बायास्नी हात धरीसन उठाडं."

शेजारीण, जिच्या बैलांचा तो रंग, आमच्या आवाजाने बाहेर आली. आवाज म्हणजे माझाच. मी तिला म्हटलं, "अहो, तो देव नाही. मी रंगवलाय तो दगड. तुमच्याच डब्यातल्या रंगाने!"

ती शांतपणे म्हणाली, "ते माले माहीत शे."

"मग?"

"मंग काय? अक्का तीन सालपाईन कोनशी धड बोलनी नही. आनि आते रोज त्या दगडपुढे बठस, हासस, बोलस, रडस बी. शेवटले हात जोडस. आम्ही काय समजानं?"

"तिच्यापुढे फोन होता ना!"

"आम्ही मांगून दखूत. आम्हाले अक्कानी पाठ दिसे."

मी कपाळाला हात लावला. तीन कंपन्या, त्यांचे टॉवर, एक काटेवालं अ‍ॅप, ह्या सगळ्यांना जे जमलं नाही ते ह्या बायकांनी नीट पाहिलं होतं: मुकी झालेली बाई त्या जागेवर बसली की बोलते. त्यांनी त्याचा अर्थ लावला. अर्थ चुकला असेल, पण पाहण्यात चूक नव्हती.

पाचोऱ्याची ती तेविशीतली ऑपरेटर तिथे असती तर तिने दगडाशेजारी उभं राहून नाकातून भाषण ठोकलं असतं, अज्ञान, विज्ञान वगैरे. बायकांनी ऐकून घेतलं असतं, आणि ती गेल्यावर आणखी एक नारळ फोडला असता. मी तिला मनातल्या मनात गप्प बस म्हटलं आणि शेजारणीलाच विचारलं, "आता ह्यातून वाट काय? शनिवारी हिचा मुलगा येतोय. हिचं तोंड त्याला दिसलं नाही तर घराला कुलूप लागेल. आणि ते दिसतं फक्त तिथेच."

शेजारीण वळून दगडाकडे बघायला लागली. मग एकदम म्हणाली, "म्हनजे तठे बठं तर फोनम्हा मानूस दिसस?"

"स्पष्ट."

"मनी पोर नरडाण्याले कंपनीम्हा कामले शे. चार महिना व्हयनात, तोंड दखं नही तिनं."

मी अक्काच्या मांडीवरचा मधलीचा फोन घेऊन शेजारणीच्या हातात दिला. दगडापाशी जाऊन तिने चपला काढल्या. आधी दगडाला हात लावून नमस्कार केला, मग फोन त्याच्यावर टेकवला, माळ जरा बाजूला सारून. पलीकडे निळ्या टोपीतली एक मुलगी दिसली, आणि मायलेकींनी एकदमच बोलायला सुरुवात केली. मी दुसरीकडे बघत राहिले. मागे पाच-सहा बायका जमल्या होत्या, त्याही बघत होत्या.

फोन परत देताना शेजारीण म्हणाली, "बोलाले बठनारीले देव काय ना म्हनी? बठू द्या अक्काले. चपला तेवढ्या लांब काढा." एक म्हातारी पुटपुटली, विटाळाचं काय? तिला तिच्याच सुनेने सांगितलं, "आत्या, तुमना भाऊ पुन्याले शे. बोलनं शे का नही?" म्हातारी लगेच त्या फोनकडे बघायला लागली.

दुपारी चहा पिताना मी पुन्हा कंपन्यांवर घसरले. लबाड मेल्या, लोकांना खोटं सांगतात, बाई मरते की जगते ह्यांना काय! अक्का माझे ओठ वाचत होती. वाचता वाचता हसायला लागली.

"तू काय कमी व्हती?" ती म्हणाली. "मी शिरपूरले पोस्टम्हा दोन घंटा बठनू. तुले फोन लावा. पोऱ्या चालाले लागना, हाई सांगाले. अर्धं सांगं आनि तू म्हने, वेळ संपली, तीन मिनिटं झाली. आनि तोडं."

मला आठवलं. कुणी साहेब शेजारी उभा नव्हता. लाईनवर दुसरं कुणी थांबलेलंही नव्हतं. मी नुसती ऐट केली होती, सख्ख्या बहिणीलाही नियम लावते म्हणून. संध्याकाळी घरी जाऊन सगळ्यांना ते कौतुकाने सांगितलंही होतं. तिचा पोरगा पहिल्यांदा किती पावलं चालला, ते मला त्यानंतर दोन महिन्यांनी, पोळ्याला कळलं. मी चहाचा कप खाली ठेवला. ओठ हलवून काहीतरी म्हणणार होते, पण अक्काने हाताने माशी उडवावी तसं ते उडवून लावलं.

शुक्रवारी मी जळगावला परत आले, कारण परीक्षा व्हायची तर दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवं. शनिवारी भाचा पोचला. चार वाजता मी कवळी घालून, केस नीट करून बसले. मनात लाइट जाऊ नये एवढंच. घंटी वाजली. अक्काचं तोंड आलं, स्वच्छ, एकही चौकोन नाही, कपाळावरच्या सुरकुत्या मोजता येतील इतकं. मागे तिचा मुलगा हात बांधून उभा.

मी म्हटलं, "दिसतंय ना रे?"

तो म्हणाला, "दिसतंय, पण हे आजच असेल," आणि स्वतः बघायला म्हणून पुढे आला. अक्काला त्याचं बोलणं ऐकू आलं नाही, पायही वाजलेले कळले नाहीत. पण फोनच्या कोपऱ्यात आपलं स्वतःचं छोटं चित्र दिसतं ना, त्यात तिला मागून येणारे त्याचे बूट दिसले. ती मागे न वळता ओरडली, "बूट काढ आधी!"

पन्नाशीचा तो गृहस्थ एका पायावर उड्या मारत बूट काढायला लागला. मागे बायका हसत होत्या, शेजारीण म्हणाली, "भाऊ, लांब ठेवा, लांब." मग तो आईशेजारी जमिनीवर बसला, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून. आम्ही तिघं बोलत होतो. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मागे नंबर लावून बसलेली म्हातारी पुण्याच्या भावाचा नंबर पदरात बांधून थांबली होती.

शेवटी तो मला म्हणाला, "मावशी, राहू दे मग तिला. पण लाइट गेली तर?"

"तर कंपनीला फोन करून मी त्यांचं डोकं खाईन," मी म्हटलं. "तेवढी एक सेवा अजून चोवीस तास चालू आहे."

तो हसला आणि पिशवीतून नवं कोरं कुलूप काढून आईच्या हातात दिलं. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं, म्हणाली, गोठ्याला होईल. मग फोनकडे वळली, डोळे बारीक करून माझ्या ओठांकडे बघत विचारलं, "तीन मिनिटं झाली का वं?"

"नाही झाली," मी म्हटलं, ओठ अगदी मोठे हलवून. "बोल तू."